सिम्युलेटरमधला खरा प्रोसेसर



नवा प्रोसेसर सिलिकॉनवर उतरण्याआधी काही वर्षं एका प्रोग्रॅमच्या आत राबत असतो. त्या प्रोग्रॅमला आर्किटेक्चर सिम्युलेटर म्हणतात. कॅशे मेमरी दुप्पट केली तर नेमका किती फायदा होईल, ब्रँच प्रेडिक्टर बदलला तर किती चुकीचे अंदाज टळतील, मेमरीकडे जाणारा मार्ग रुंद केला तर तो वापरला जाईल की रिकामाच पडून राहील, हे सगळे प्रश्न आधी तिथे धसाला लावले जातात.

अडचण वेगाची आहे. प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा प्रवास टप्प्याटप्प्याने नोंदवणारा सविस्तर सिम्युलेटर सेकंदाला साधारण एक लाख इन्स्ट्रक्शन्स उरकतो. तीन गिगाहर्ट्झचा खरा प्रोसेसर दर चक्राला एकच इन्स्ट्रक्शन पुरी करतो असं धरलं, तरी सेकंदाला ३०० कोटी इन्स्ट्रक्शन्स होतात. भागाकार केला की उत्तर येतं ३०,००० सेकंद. खऱ्या यंत्राचा एक सेकंद पाहायला सिम्युलेटरला आठ तास वीस मिनिटं लागतात. लिनक्स सुरू होऊन लॉगिनची ओळ दिसायला खऱ्या यंत्राला वीस सेकंद लागत असतील, तर इकडे आठवडा सरतो. आणि ज्या प्रोग्रॅमचा अभ्यास करायचा, तो तर अजून सुरूच झालेला नसतो.

या कोंडीवरचा एक उपाय मोठा धाडसी आहे. ज्या भागात काहीच मोजायचं नाही, तेवढा भाग सिम्युलेटरने स्वतः चालवायचाच नाही. ज्या संगणकावर सिम्युलेटर बसला आहे, त्याच्याच खऱ्या प्रोसेसरकडे तो सोपवायचा आणि मोजण्यासारखी जागा आली की सूत्रं पुन्हा हातात घ्यायची. सिम्युलेटरमध्ये व्हर्च्युअल मशीनची सोय जोडणं म्हणजे हे. ती सोय सुरू करण्याच्या कृती थोड्या आहेत, पण त्यातली प्रत्येक कृती ‘इथपासून इथपर्यंत आपण पाहणार नाही’ असा निर्णय असते. म्हणून ही जुळणी कुणाच्या तरी टिपणातून उतरवून काढण्याची गोष्ट नव्हे. प्रयोग करणाऱ्याने ती समजून, स्वतः करायला हवी.

व्हर्च्युअल मशीन आणि सिम्युलेटर यांचं नातं जुनं आहे. १९९०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिमओएस’ नावाचा सिम्युलेटर बांधला. तो नुसता प्रोसेसर दाखवत नसे. डिस्क, नेटवर्क, घड्याळ असं अख्खं यंत्र उभं करून त्यावर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची आयरिक्स ही बाजारातली ऑपरेटिंग सिस्टीम जशीच्या तशी चालवत असे. त्यात वेगवान आणि सविस्तर अशा निरनिराळ्या पद्धती होत्या. वेगवान पद्धतीने हव्या त्या जागी पोचायचं आणि तिथे सविस्तर पद्धतीकडे वळायचं, ही आजची रीत तेव्हाच रुळली होती.

१९९७ साली याच गटाने ‘डिस्को’ हा प्रकल्प जगापुढे मांडला. एका मोठ्या यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम्स शेजारी शेजारी चालवणारा तो थर होता. ज्या ‘फ्लॅश’ यंत्रासाठी तो लिहिला जात होता, ते यंत्र तेव्हा हाती नव्हतं. मग डिस्कोची घडण आणि चाचणी झाली ती सिमओएसवरच. पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, रोझेनब्लम, डायन ग्रीन, एदुआर ब्युनिओं, स्कॉट डिव्हाइन आणि एलन वाँग यांनी व्हीएमवेअर कंपनी काढली. आज जगभरच्या डेटा सेंटर्समध्ये जे व्हर्च्युअलायझेशन मुरलं आहे, त्याची एक मोठी शाखा अशी सिम्युलेटरच्या मांडीवर वाढली.

व्हीएमवेअरपुढचं संकट मात्र वेगळं होतं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४मध्ये एक अट मांडली होती. यंत्राच्या नाजूक स्थितीला हात घालणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन, ती कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने चालवली तर, अडवली गेली पाहिजे. तरच पहारा देणाऱ्या थराला तिची खबर लागते. एक्स८६ प्रोसेसर ही अट पाळत नव्हता. त्यातली ‘पॉपएफ’ ही इन्स्ट्रक्शन घ्या. स्टॅकवरची किंमत उचलून ती प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये भरते, आणि त्या फ्लॅग्जमध्ये इंटरप्ट चालू-बंद करणारा एक बिट असतो. पुरेसा अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने तो बदलू पाहिला तर प्रोसेसर तक्रारही करत नसे आणि बदलही करत नसे. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीमला वाटायचं इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात ते चालूच असायचे. व्हीएमवेअरने अशा इन्स्ट्रक्शन्स चालता चालता बदलून घेण्याची युक्ती केली. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी स्वतः दुरुस्ती आणली ती इंटेलने २००५मध्ये ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीने २००६मध्ये ‘एएमडी-व्ही’ या नावाने. या सोयीवर उभा असलेला ‘केव्हीएम’ हा भाग फेब्रुवारी २००७मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीतून सर्वांच्या हाती आला. तेव्हापासून कोणताही लिनक्स प्रोग्रॅम कर्नलला सांगू शकतो: ही मेमरी घे, ही रजिस्टर्स घे, आणि खऱ्या प्रोसेसरवर हे यंत्र चालव.

आता सिम्युलेटरकडे येऊ. आज या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटर्सपैकी एक म्हणजे ‘जेम५’. मिशिगन विद्यापीठातला ‘एम५’ आणि विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातला ‘जेम्स’ या दोन प्रकल्पांचा तो संगम. त्याची ओळख करून देणारा लेख २०११मध्ये आला. तो खुला आहे, फुकट आहे, आणि त्यात एक्स८६, आर्म, रिस्क-फाईव्ह अशा अनेक जातींचे प्रोसेसर उभे करता येतात. या जेम५ला केव्हीएमची जोड दिली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या आन्द्रेआस सँडबर्ग यांनी. सँडबर्ग, एरिक हागर्स्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध केले. केव्हीएमच्या आधारे पुढे पळताना सिम्युलेटरचा वेग सरासरीने मूळ यंत्राच्या ९० टक्के भरला. सविस्तर मोजमाप इतर कोअर्सवर समांतर चालू ठेवत पुढे जातानाही तो मूळ वेगाच्या ६३ टक्के राहिला, आणि दर चक्राला होणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सच्या अंदाजातली सरासरी चूक होती २.२ टक्के.

हे घडतं कसं? जेम५ गेस्टसाठी मेमरीचा एक मोठा तुकडा राखून ठेवतो आणि ‘ही गेस्टची भौतिक मेमरी’ असं केव्हीएमला सांगतो. आपल्याजवळच्या रजिस्टर्सच्या किमती त्याच्या स्वाधीन करतो आणि चालवण्याचा हुकूम देतो. त्या क्षणापासून गेस्टचा कोड खऱ्या सिलिकॉनवर धावतो. गेस्टने डिस्कला किंवा टर्मिनलला हात लावला की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, कारण ती डिस्क खरी नाही, जेम५ने रचलेली आहे. जेम५ उत्तर तयार करतो आणि गेस्ट पुन्हा धावू लागतो. प्रोसेसर खरा आणि भोवतालचं यंत्र रचलेलं, अशी ही जोडी.

ओळख सांगण्यातही इथे काळजी घ्यावी लागते. गेस्ट लिनक्स सुरू होताना प्रोसेसरला त्याचं नाव-गाव आणि क्षमता विचारतो. होस्टने, म्हणजे ज्यावर हे सगळं चालतं त्या खऱ्या यंत्राने, खरं उत्तर दिलं तर गेस्ट होस्टच्या अत्याधुनिक वेक्टर इन्स्ट्रक्शन्सवर विसंबून बसेल, आणि सविस्तर मॉडेलकडे वळताच त्या इन्स्ट्रक्शन्स ओळखणारं तिथे कुणी नसेल. म्हणून जेम५ केव्हीएमला बजावतो की गेस्टने विचारलं तर माझ्या मॉडेलला जमतं तेवढंच सांग.

आता प्रत्यक्ष जुळणी. पहिली पायरी बायोसमध्ये असते. इंटेलच्या यंत्रावर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या यंत्रावर ‘एसव्हीएम मोड’ या नावाची सोय तिथे चालू करावी लागते. पुष्कळ यंत्रांत ती बंदच येते. चालू झाली की लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाईलमध्ये इंटेलसाठी ‘व्हीएमएक्स’ किंवा एएमडीसाठी ‘एसव्हीएम’ हा शब्द दिसतो. उबंटूवर ‘केव्हीएम-ओके’ ही छोटी आज्ञा लगेच निकाल देते.

दुसरी पायरी परवानगीची. उपकरणांच्या ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘केव्हीएम’ नावाची फाईल असते आणि ती त्याच नावाच्या ग्रुपच्या मालकीची असते. वापरणाऱ्याचं नाव त्या ग्रुपमध्ये घालायचं, आणि मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं. ग्रुपची नवी यादी लॉगिनच्या वेळीच लागू होते, म्हणून हे दुसरं पाऊल टाळून चालत नाही. प्रयोगशाळेत कंटेनर वापरत असतील तर ती फाईल कंटेनरच्या आतही द्यावी लागते. आणि होस्टच मुळात कुणाच्या क्लाउडमधलं व्हर्च्युअल मशीन असेल, तर त्या क्लाउडने व्हर्च्युअलायझेशनच्या पोटात व्हर्च्युअलायझेशन करू दिलं पाहिजे.

तिसरी पायरी जेम५ बांधण्याची. बांधणीची स्क्रिप्ट होस्टवर केव्हीएमची हेडर फाईल आहे का आणि होस्ट व गेस्ट एकाच जातीचे आहेत का, हे तपासते. नसतील तर ती एक ओळ छापते, केव्हीएम गाळते आणि बांधणी पुरी करते. शेकडो ओळींच्या गर्दीत ती ओळ वाहून जाते आणि पुढे प्रयोग सुरू करताना ‘केव्हीएम सीपीयू सापडत नाही’ असं उत्तर मिळतं. बांधणीचा सगळा मजकूर एका फाईलमध्ये साठवून तिथे ही ओळ शोधणं, एवढी शिस्त नव्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

चौथी पायरी अधिक बारीक आहे. एवढ्या वेगाने धावणारा गेस्ट नेमक्या इन्स्ट्रक्शनला थांबवायचा कसा? त्यासाठी जेम५ खऱ्या प्रोसेसरमधले मोजणी करणारे हार्डवेअर काउंटर वापरतो. ठरलेला आकडा भरला की काउंटर इंटरप्ट पाठवतो आणि गेस्ट बाहेर पडतो. पण हे काउंटर साध्या वापरणाऱ्याला कितपत उघडावेत, हे लिनक्स एका आकड्याने ठरवतो. त्या सेटिंगचं नाव ‘पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड’. ते खाली, साधारणपणे १ वर आणावं लागतं. सामायिक सर्व्हरवर हे सेटिंग बदलायचा हक्क प्रशासकाकडे असतो आणि तो सुरक्षिततेच्या कारणाने नकार देऊ शकतो. तेव्हा जेम५च्या स्क्रिप्टमध्ये ‘यूज-पर्फ’ हा पर्याय बंद करता येतो. गेस्ट तरीही धावतो, पण इन्स्ट्रक्शन मोजून थांबवण्याची सोय हातची जाते. मग थांबण्याची खूण प्रोग्रॅमच्या आतूनच यावी लागते.

पाचवी पायरी अनेक कोअर्सची. जेम५ एरवी एकाच धाग्यात चालतो आणि घटना वेळेनुसार एका रांगेत लावतो. केव्हीएमचे चार कोअर्स त्या एकाच रांगेत ताटकळत ठेवले तर वेगाचा सगळा लाभ वाया जातो. म्हणून प्रत्येक कोअरला स्वतःचा धागा आणि स्वतःची रांग देतात, आणि ठरावीक काळाने सगळ्यांना एकमेकांसाठी थांबायला लावतात. या काळाला ‘क्वांटम’ म्हणतात. जेम५च्या नमुना स्क्रिप्ट्समध्ये तो १०० कोटी टिकांचा असतो. एक टिक एका पिकोसेकंदाचा, तेव्हा हा काळ बरोबर एक मिलिसेकंद. क्वांटम लहान केला तर कोअर्स वेळेच्या बाबतीत एकमेकांच्या जवळ राहतात, पण थांबे वाढतात. मोठा केला तर धाव सुसाट होते, पण एका कोअरचं घड्याळ दुसऱ्याच्या पुढे जात राहतं.

थांबण्याची खूण हा तर स्वतंत्र अभ्यासाचा भाग आहे. जेम५मध्ये गेस्टमधला प्रोग्रॅम सिम्युलेटरला हाक मारू शकतो: ‘आता मोजणी सुरू कर’, ‘आता बाहेर पड’. एक्स८६वर ही हाक एका खास इन्स्ट्रक्शनने मारतात. तिची सुरुवात ‘शून्य-एफ, शून्य-चार’ या दोन बाइट्सनी होते. खऱ्या प्रोसेसरच्या कोशात हा जोड रिकामा आहे, म्हणूनच जेम५ने तो स्वतःसाठी निवडला. सविस्तर मॉडेलमध्ये ती हाक बिनबोभाट पोचते. केव्हीएममध्ये मात्र ती इन्स्ट्रक्शन खऱ्या प्रोसेसरपुढे जाते, त्याला ती ओळखीची नसते, आणि गेस्टमधला प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो. तोच प्रोग्रॅम, तीच डिस्क, फक्त सीपीयूचा प्रकार बदललेला. कारण माहीत नसेल तर माणूस दिवसचे दिवस डिस्क इमेजमध्ये चूक शोधत बसतो. उपाय म्हणजे हाक मारायचा मार्ग बदलणं. चार जीबीच्या सीमेच्या ६४ केबी अलीकडे एक राखीव पत्ता ठेवलेला असतो. प्रोग्रॅमने त्या पत्त्याला हात लावला की केव्हीएमला वाटतं गेस्टने एखाद्या उपकरणाला हात लावला, प्रोसेसर ताबडतोब गेस्टमधून बाहेर पडतो, आणि हाक जेम५च्या कानी जाते.

इथवर सगळं जमलं की लिनक्स बघता बघता बूट होतो. खरा विचार इथून सुरू होतो.

केव्हीएममध्ये धावताना जेम५ची कॅशे मेमरी काहीच पाहत नाही. गेस्टचा प्रत्येक मेमरी वापर थेट होस्टच्या कॅशेतून जातो, जेम५ला त्यातला एकही दिसत नाही. म्हणून सविस्तर मॉडेलकडे वळण्याच्या क्षणी रचलेल्या यंत्राची कॅशे पूर्ण रिकामी असते आणि ब्रँच प्रेडिक्टर कोरा असतो. तिथून लगेच मोजायला लागलं तर आकडे वाईट येतात, आणि हा वाईटपणा डिझाइनचा नसून थंड सुरुवातीचा असतो. म्हणून वळल्यानंतर काही काळ न मोजता चालवायचं, कॅशे भरू द्यायची, आणि मगच नोंद सुरू करायची. याला वॉर्म-अप म्हणतात. किती काळ? उप्सालाच्या गटाचं उत्तर देखणं आहे. त्यांनी सिम्युलेटरची प्रत काढून एकच नमुना दोनदा चालवला. कॅशेचा जो भाग अजून पुरता भरलेला नाही, तिथला मिस एकदा खरा मानला आणि एकदा हिट मानला. दोन निकालांतलं अंतर जितकं मोठं, तितका वॉर्म-अप अपुरा. अंदाज किती चुकीचा असू शकतो, हे सिम्युलेटरने स्वतःच सांगावं अशी ही सोय.

नमुने कुठून घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत पातेल्याच्या कोणत्या थरातलं, यावर सगळं अवलंबून असतं. केव्हीएम येण्याआधी कितीतरी अभ्यास प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या काहीशे कोटी इन्स्ट्रक्शन्सवरच थांबत. प्रमाणित बेंचमार्क्सपैकी अनेकांच्या एकूण धावेचा हा १० टक्क्यांहूनही कमी भाग. सुरुवातीला प्रोग्रॅम फाईली वाचत असतो, तक्ते मांडत असतो, त्याचं मुख्य काम पुढे असतं. २००२मध्ये सॅन डिएगोच्या ‘सिमपॉइंट’ने प्रोग्रॅमचे सारखे वागणारे टप्पे ओळखून प्रत्येकाचा एक प्रतिनिधी निवडायला शिकवलं. २००३मध्ये कार्नेगी मेलनच्या ‘स्मार्ट्स’ने संख्याशास्त्राच्या नियमाने सबंध धावेत सारख्या अंतरावर छोटे नमुने घ्यायची पद्धत बसवली, पण दोन नमुन्यांमधल्या काळातही कॅशे गरम ठेवण्यासाठी सिम्युलेटरला अखंड राबावं लागे. केव्हीएमने हा मधला काळ जवळजवळ फुकट केला आणि त्याच्या बदल्यात कॅशेची ऊब काढून घेतली. या देवघेवीचा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा असतो.

आणखी एक गोष्ट या धावेत हरवते, ती म्हणजे पुनरावृत्ती. एरवी जेम५ काटेकोर आहे. तीच स्क्रिप्ट, तीच डिस्क दिली की उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच येतं. केव्हीएममध्ये वेळ होस्टच्या चक्रांवरून अंदाजाने काढतात, आणि होस्ट त्या वेळी आणखी काय करत होता याचा रंग त्यात उतरतो. दोन बूट तंतोतंत सारखे होत नाहीत. म्हणून जाणते संशोधक केव्हीएमने हव्या जागी एकदाच जातात, तिथे यंत्राची त्या क्षणाची स्थिती, म्हणजे चेकपॉइंट, साठवतात, आणि तुलनेचे सगळे प्रयोग त्या एकाच चेकपॉइंटपासून सुरू करतात. दशांश अपूर्णांकांच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. जुन्या एक्स८७ गणितासाठी खरा प्रोसेसर ८० बिटांचे आकडे ठेवतो, तर जेम५चं मॉडेल ६४ बिटांचे. हस्तांतराच्या वेळी शेवटचे अंक गळतात.

ही सगळी सोय एका अटीवर उभी आहे. गेस्ट आणि होस्ट एकाच जातीचे हवेत. इंटेलच्या लॅपटॉपवर आर्मचा गेस्ट केव्हीएमने धावत नाही, त्यासाठी आर्मचंच यंत्र लागतं. भारतातल्या स्वदेशी प्रोसेसर्सच्या अभ्यासाला ही अट थेट लागू होते. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ रिस्क-फाईव्हवर बेतलेला आहे, तर आयआयटी मुंबईचा ‘अजित’ स्पार्कच्या आठव्या आवृत्तीवर. अशा प्रोसेसर्सवर काम करणारा पुण्या-मुंबईचा विद्यार्थी आपल्या इंटेल लॅपटॉपच्या खऱ्या प्रोसेसरकडून हे धावण्याचं काम करून घेऊ शकत नाही. त्याला बूट सिम्युलेटरच्याच साध्या, घाईच्या मॉडेलवर करावा लागतो आणि चेकपॉइंटवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्यांकडे आणि तपासणाऱ्यांकडे एक आग्रह धरायला हवा. ‘आम्ही जेम५ वापरला’ एवढ्या वाक्यावर प्रयोगाची माहिती संपू नये. जेम५ची कोणती आवृत्ती, होस्टचा प्रोसेसर कोणता, केव्हीएमपासून सविस्तर मॉडेलकडे वळण कुठे घेतलं, वॉर्म-अप किती इन्स्ट्रक्शन्सचा, क्वांटम किती, नमुने किती आणि किती अंतरावर, हे सगळं एका परिच्छेदात मावतं. तो परिच्छेद नसेल तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग करून पाहता येत नाही.

रिस्क-फाईव्हच्या बाजूला आता जमीन तयार होते आहे. व्हर्च्युअलायझेशनची जोड देणारा रिस्क-फाईव्हचा हायपरव्हायजर विस्तार २०२१मध्ये पक्का झाला. अनुप पटेल यांच्या पुढाकाराने रिस्क-फाईव्हसाठीचा केव्हीएम जानेवारी २०२२मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.१६ आवृत्तीत सामावला गेला. काउंटर भरला की इंटरप्ट देणारा ‘एस-एस-कॉफ-पीएमएफ’ हा विस्तारही अधिकृत झाला आहे, आणि गेस्ट नेमक्या इन्स्ट्रक्शनला थांबवण्यासाठी तोच लागतो. हे दोन्ही विस्तार असलेला बोर्ड हाताशी आला की कामाची यादी स्पष्ट आहे. जेम५ आणि केव्हीएम यांच्यात रजिस्टर्सची ने-आण लिहायची, गेस्टला प्रोसेसरची कोणती क्षमता दाखवायची ते ठरवायचं, हाक मारण्यासाठी राखीव पत्ता नेमायचा, आणि लिनक्सचा एकच बूट केव्हीएमवर व साध्या मॉडेलवर करून दोन्हींच्या शेवटी मेमरी आणि रजिस्टर्स जुळतात का ते पाहायचं. एम.टेक.च्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाला वर्षभरात पेलेल असं हे काम आहे, आणि शक्तीसारख्या प्रोसेसरवर पुढे होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला त्याचा उपयोग होईल.